चढावरचं ‘सोडू?’

चढावर थांबलेली गाडी बोटभरही मागे न जाऊ देता पुढे काढणं ही एक कला आहे आणि ती आपल्याला साधली आहे, याविषयी नकाशेकाकांच्या मनात चाळीस वर्षांत कधी शंका आली नव्हती. नकाशे हे त्यांचं आडनाव नव्हे. बांधकाम खात्याच्या ऑफिसात हाताने नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली, म्हणून सगळी सोसायटी त्यांना नकाशेकाका म्हणे. पण कोणी त्यांच्या रेघांचं कौतुक केलं तर ते नुसतं ‘हं’ म्हणत, आणि चढावरच्या गाडीचा विषय निघाला की खुर्ची पुढे ओढून बसत. आता असा विषय न काढणाऱ्या माणसांशीही त्यांचं बोलणं कसंबसं फिरून तिथेच पोचायचं, ही गोष्ट वेगळी.

या कलेचं साधन म्हणजे निळी. निळी ही काकांची गाडी. लग्नानंतर लगेच, दुसऱ्याची वापरलेली घेतलेली. इंजिन गुणी, दिवे बरे, पण हँडब्रेक म्हणजे निव्वळ हट्टीपणा. दोन सीटांच्या मधला तो लोखंडी दांडा वर ओढला जायचा खुशाल, पण खाली सोडायचा तर टोकाचं बटण असं काही घट्ट बसायचं की दोन हात आणि अख्ख्या माणसाचं वजन लागे. गाडी चालवणाऱ्याकडे एवढे हात कुठले असणार? म्हणून ते काम पहिल्या दिवसापासून काकूंकडे आलं. चढावर गाडी थांबली की काकू पर्स पायाशी ठेवत, दांड्याभोवती रुमाल गुंडाळत आणि दोन्ही हातांनी तो धरून बसत. काका क्लच हळूहळू उचलत. गाडी थरथरू लागे. काकू विचारत, “सोडू?” काका म्हणत, “सोड!” आणि निळी लोण्यातून सुरी जावी तशी पुढे निघे.

मागे बसलेली मंडळी टाळ्या वाजवत. टाळ्या अर्थात काकांना असत. काकू रुमालाची घडी घालत.

हा ‘सोडू?’ मग गाडीतून उतरून घरात शिरला. माळ्यावरची पेटी दोघांनी मिळून उतरवायची झाली की “सोडू?” “सोड.” मुलगी पहिल्यांदा सायकल शिकली तेव्हा मागून कॅरिअर धरून धावणाऱ्या काकूंनी धापा टाकत विचारलं, “सोडू?” आणि कठड्यावर बसलेल्या काकांनी सांगितलं, “सोड!” मुलगी थेट झुडपात गेली, पण त्याला इलाज नव्हता. तीच मुलगी पुढे शिकायला दूर निघाली. स्टेशनवर खिडकीतून तिचा हात धरून काकू उभ्या होत्या. शिट्टी झाली. काकूंनी मान वळवून विचारलं, “सोडू?” त्या एका वेळी काकांना ‘सोड’ म्हणता आलं नाही. गाडीच सुटली.

उलटं फक्त एकदा झालं. ऑफिसात कॉम्प्युटर आले, आणि साहेबांनी काकांना बोलावून सांगितलं की एक तर हे शिका, नाही तर लवकर निवृत्ती घ्या. त्या संध्याकाळी काकांनी आपल्या शाईच्या पेनांचा डबा टेबलावर ठेवला आणि काकूंना विचारलं, “सोडू?” काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “सोडा.” काकांनी नोकरी सोडली. पेनांचा डबा मात्र अजून कपाटात आहे.

तर अशा या माणसाला बँकेच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजोबा, हे संपलंय.”

काकांनी ओळखपत्र म्हणून पुढे केलेलं लायसन्स तिने परत सरकवलं होतं.

“संपलंय म्हणजे?”

“मुदत संपलीय. केव्हाच. दुसरं काही आहे का, आजोबा?”

काका घरी आले ते धुमसतच. मुदत संपल्याचं दुःख होतंच, पण ‘आजोबा’ हा शब्द जास्त लागला होता. निळीचे कागदही संपलेले, म्हणून ती गेली दोन-तीन वर्षं पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हर पांघरून उभी होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर ‘ही गाडी आहे की स्मारक?’ असं विचारून महिनाअखेर जागा रिकामी करायची नोटीस फलकावर लावली होती. आता मालकही बाद झाला.

आणि हे व्हायला वेळही कशी गाठली होती! पुढच्या महिन्यात लग्नाचा चाळिसावा वाढदिवस. दर वर्षी त्या दिवशी काका-काकू घाट चढून वरच्या पठारावर जायचे. तिथे कड्याच्या टोकाला एक लहानसं कॉफीचं दुकान होतं. लग्न झाल्यावर पहिल्यांदा निळी घेऊन दोघं तिथेच गेले होते, आणि घाटातल्या सगळ्यात खड्या वळणावर त्यांचा पहिला ‘सोडू?’ झाला होता. निळी बंद पडल्यावर दोन वर्षं मुलीने नेलं होतं. या वर्षी मुलगी आणि जावई कामासाठी परदेशी होते.

काकूंचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. त्याला हे कळल्याबरोबर त्याचा फोन आला. “भावोजी, त्यात काय एवढं? मी नेतो की! तुम्ही आणि ताई मागे पाय पसरून बसा मस्त.”

काकांनी फोन ठेवला. चाळिसाव्या वाढदिवसाला, त्या वळणावर, मागच्या सीटवर, पाय पसरून! आणि पुढून मेव्हणा दाढा कशा उपटतात ते घाटभर ऐकवणार. “लायसन्स काढायचं,” काका म्हणाले. “त्या दिवशी गाडी मीच चालवणार.” काकूंनी आडकाठी केली नाही. भावाच्या दाढांच्या गोष्टी त्यांनीही वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या.

लायसन्सच्या ऑफिसात पहिल्या खिडकीने त्यांना चौथीकडे धाडलं, चौथीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. काकांनी शेवटच्या ओळीपर्यंत तो घडाघडा वाचला आणि वर सांगितलं की तिसऱ्या ओळीतली अक्षरं सारख्या उंचीची नाहीत, एक अक्षर तर चक्क बसलंय. डॉक्टरांनी चष्मा काढून स्वतः पाहिलं. तेही म्हणाले, “खरंच की!” सर्टिफिकेट मिळालं. पुन्हा चौथ्या खिडकीशी गेले, तर तिथला क्लार्क म्हणाला, “इतकी वर्षं गेल्यावर नुसतं नवं करून मिळत नाही. परीक्षा परत द्यावी लागेल. गाडी कुठली आणणार?”

“माझीच.”

“कागद?”

“ते… संपलेत.”

क्लार्कने मान वर केली. “तुमचं संपलं, गाडीचं संपलं. आणखी काय काय संपलंय, काका?”

“पेशन्स,” काका म्हणाले, आणि बाहेर आल्यावर हे उत्तर आपल्याला वेळेवर सुचलं याचा त्यांना दिवसभर आनंद झाला. ‘आजोबा’ऐवजी ‘काका’ म्हटल्याबद्दल त्यांनी क्लार्कला मनातल्या मनात माफही केलं.

गाडीचा प्रश्न मात्र उरलाच. शिकवणाऱ्यांच्या गाडीवर मोठी ‘शिकाऊ’ पाटी असते. त्यात बसायला काकांनी साफ नकार दिला. शेवटी मुलीचा फोन आला. “बाबा, आमची घ्या ना! नुसती उभी आहे.”

आता जावयांची गाडी ही वस्तू काय होती ते सांगायला हवं. ती लाल होती, ती स्पोर्ट्स कार होती, आणि ती जमिनीपासून इतकी कमी उंच होती की तिच्यात बसायचं म्हणजे टबात उतरायचं. उतरणं त्याहून अवघड. काका पहिल्यांदा बाहेर आले ते दोन्ही हात जमिनीला टेकून, आणि ते दृश्य नेमकं सेक्रेटरींनी पाहिलं. काकूंनी दोन प्रयत्नांत युक्ती काढली: आधी पाय बाहेर, मग डोकं, मग बाकीचं. काकांनीही मग तीच पद्धत वापरली, पण ती आपली आपल्यालाच सुचल्यासारखी.

सराव सोसायटीच्या तळघराच्या उतारावर ठरला. खालून वर येताना तो चांगलाच खडा चढ. बातमी फुटली आणि माणसं जमली. काका पट्टा लावून बसले, शेजारी काकू. अर्ध्या चढावर गाडी थांबवून काकांनी सवयीने दोन सीटांच्या मध्ये हात घातला, आणि तो थेट पाण्याची बाटली ठेवायच्या खळग्यात गेला. दांडा नव्हताच.

“हँडब्रेक कुठाय?” काकांनी ब्रेकवरचा पाय आणखी दाबला.

“इलेक्ट्रॉनिक आहे तो!” सेक्रेटरी खिडकीशी वाकून म्हणाले. “मी व्हिडिओ पाहिलाय. एक पाय क्लचवर ठेवा, एक ब्रेकवर, आणि एक अॅक्सिलरेटरवर.”

“पाय दोनच आहेत मला.”

“मग व्हिडिओ परत बघावा लागेल,” सेक्रेटरी म्हणाले आणि तिथेच बघू लागले.

तळमजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाईही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काका, काही बघू नका. नुसतं ऐका. इंजिनाचा सूर लागला की सोडून द्या.” काकांनी कान लावला. त्या इंजिनाचा सूर म्हणजे एखाद्याला घसा साफ करायचाय पण जमत नाहीये, असा होता.

अखेर काकांनी फोन लावला. तिकडे पहाट होती. जावई जांभई देत बोलले. “बाबा, मधे एक छोटं बटण आहे बघा, नखाएवढं. तोच हँडब्रेक. वर ओढलं की लागतो. सोडायला तुम्ही काहीच करायचं नाही. दार बंद असलं, पट्टा लावलेला असला, की क्लच उचलून गॅस दिल्यावर तो आपोआप सुटतो.”

“आपोआप म्हणजे? कोणाला विचारून?”

“विचारायचं कशाला, बाबा? गाडीला कळतं.”

फोन सगळ्यांना ऐकू येत होता. काकू पुढे वाकून म्हणाल्या, “मग मी काय करू?”

“काहीच नाही, आई! तुम्ही नुसतं बसा. आरामात.”

काकूंनी पर्स मांडीवर घेतली आणि त्या नुसत्या बसल्या. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचं सगळं चित्त त्या बटणावर लागलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ब्रेक त्यांच्या हाताशी आला होता, आणि कुणाला बोलून दाखवता येणार नाही अशी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येऊ लागली होती: चढावर हँडब्रेक सोडायची वेळ त्यांच्यावर आजवर एकदाही आली नव्हती.

त्यांनी बटणावर अंगठा ठेवला. क्लच हळूच उचलला. गाडी थरथरली. तोंडातून आपसूक निघालं, “सोडू?”

काकूंनी बाजूला न बघता म्हटलं, “सोडा.”

काकांनी अंगठा दाबला, गॅस दिला, आणि गाडी अशी डरकाळी फोडून वर झेपावली की सेक्रेटरी मोबाइलसकट कुंड्यांमध्ये गेले. पण बोटभरही मागे नाही! काकांचा चेहरा उजळला. मग पाच-सहा वेळा तोच चढ, तोच ‘सोडू?’, तोच ‘सोडा’. अंगठ्याचा त्यात काही हात नाही, ब्रेक गाडीच सोडते आहे, हे काकांना कळलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. संध्याकाळी फलकावर दुसरी नोटीस लागली: ‘तळघरात मोठ्या आवाजाची वाहने चालवू नयेत. कुंड्यांचे नुकसान होते.’

परीक्षेच्या मैदानावर सिमेंटचा एक चढ बांधलेला होता. अर्ध्यावर थांबायचं, परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी ‘घ्या’ म्हटलं की निघायचं. मागे गेलात की नापास. साहेब उंच आणि उभट होते. ते त्या गाडीत तीन घड्या होऊन बसले, आणि त्यामुळे त्यांचा मूड सुरुवातीलाच गेला. काकूंना कुंपणाबाहेर उभं राहायला सांगितलं. कुंपणाला लागूनच एकाची थंड पेयांची गाडी होती.

चढाच्या मध्यावर काकांनी गाडी थांबवली, बटण वर ओढलं. साहेब म्हणाले, “हं, घ्या.”

काकांनी क्लच उचलला. गाडी थरथरू लागली. काका थांबले. काहीतरी व्हायचं राहिलं होतं. त्यांनी बाजूला पाहिलं. साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते. इंजिन गुरगुरत होतं.

“सोडू?” काका म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. “मला? इथे कुठे सोडता? अजून परीक्षा व्हायचीय.”

“तुम्हाला नाही हो, ब्रेक.”

“मग मला काय विचारता? परीक्षा तुमची आहे.”

“तसं नाही. खरं म्हणजे हे तुम्ही विचारायचं असतं.”

“काय विचारायचं असतं?”

“सोडू का, असं.”

“कोणाला सोडू?”

काका गोंधळले आणि खरं तेच बोलून गेले. “मला.”

साहेबांचा चेहरा कडक झाला. “हे बघा काका, वयाकडे बघून मी कोणाला सोडत नसतो. असलं काही बोलायचं नाही.”

आता एकच उपाय होता. त्यांनी पट्टा सोडला, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले आणि कुंपणाच्या दिशेने ओरडले, “अगं! सोडू?”

काकू तयारच होत्या. इतका वेळ गाडी थांबलेली बघून त्यांचा जीव वरखाली होत होता. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून मैदान दणाणून सोडलं. “सोडा!”

फट् असा आवाज झाला आणि पेयवाल्याने एक फेसाळती बाटली काकूंपुढे धरली.

“हे काय?”

“सोडा. आत्ताच ओरडलात की.”

“मी तुम्हाला नाही म्हटलं! त्यांना म्हटलं!” आणि काका अजून तिथेच आहेत हे पाहून काकू पुन्हा ओरडल्या, “अहो, सोडा!”

“त्यांनाही देतो,” पेयवाला म्हणाला. फट्.

इकडे काकांनी गॅस दिला. गाडीने डरकाळी फोडली, पण जागची हलली नाही. आणखी दिला. समोर लाल दिवे चमकू लागले, काहीतरी जळल्याचा वास आला, आणि इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

“मागे नाही आली,” काका हळूच म्हणाले.

“नाही,” साहेब म्हणाले. “पण पुढेही नाही गेली.”

तेवढ्यात खिडकीशी काकू आल्या. कुंपणाचं फाटक ओलांडून, दोन्ही हातांत सोड्याच्या बाटल्या घेऊन. त्यांनी एकच नजर आत टाकली. “अहो, पट्टा! पट्टा लावल्याशिवाय सुटत नाही म्हणाले होते ना जावई!”

काकांनी पट्टा लावला, इंजिन चालू केलं, आणि गाडी अलगद चढून गेली. पलीकडे उतरल्यावर काकांनी विजयी मुद्रेने साहेबांकडे पाहिलं. साहेब कागदावर फुली मारत होते.

“नापास? का? बोटभर तरी मागे गेली का?”

“परीक्षा चालू असताना बाहेरून उत्तर सांगितलं,” साहेब म्हणाले. “याला कॉपी म्हणतात.”

कॉपी! ज्या माणसाने आयुष्यात दुसऱ्याच्या नकाशावरून एक रेघ उचलली नाही, त्याच्यावर हा आरोप! पुढच्या आठवड्यात परत या, असं सांगून साहेब घड्या उलगडत उतरले. जाताना एक सोडा त्यांनी घेतला.

संध्याकाळी काका घरात दिसेनात. काकू शोधत पार्किंगमध्ये आल्या तर निळीचं कव्हर अर्धवट वर केलेलं. आत काका बसले होते, दोन्ही हातांनी हँडब्रेकचा दांडा धरून.

काकू दुसऱ्या बाजूने आत बसल्या. त्यांची सीट पूर्वीपासून होती तशीच डावीकडे कललेली. “काय करताय?”

“सोडून बघतोय. सुटत नाही.”

“असा नाही सुटायचा. आधी थोडा वर ओढावा लागतो, मग बटण.” काकूंनी पर्समधून रुमाल काढला, दांड्याला गुंडाळला आणि खट्कन ब्रेक सोडला. निळी सपाट जमिनीवर होती. ती कुठेच गेली नाही.

काकांनी सुटलेल्या दांड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “एक विचारू? मला वाटायचं, मी सांगतो आणि तू सोडतेस. आज तू शेजारी नव्हतीस तर मला कळेचना की कधी सोडायचा. तुला कसं कळायचं गं? इंजिनाच्या आवाजावरून?”

“छे! मला कुठलं इंजिनातलं कळतंय?”

“मग?”

“तुमच्यावरून. क्लच नीट लागला की तुम्ही श्वास धरता. गाल असे फुगतात. मग मी विचारायचे.”

“आणि तू विचारेपर्यंत?”

“धरूनच ठेवायचात. एकदा रुमाल सापडेना, तर लालबुंद झाला होतात.”

काकांना हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ डोळ्यांत पाणीही. या बाईने चाळीस वर्षं चढावर रस्त्याकडे नव्हे, आपल्या गालांकडे बघत काढली, आणि आपण मात्र टाळ्या घेतल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण अशा वेळी काय बोलतात ते त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. म्हणून ते म्हणाले, “डावी सीट दुरुस्त करायची राहिलीच.”

“राहिली,” काकू म्हणाल्या. त्यांनी निळीच्या डॅशबोर्डवरून हात फिरवला. धुळीत एक पट्टा उमटला. “नोटिशीची तारीख जवळ आली. हिला… सोडू?”

“बघू,” काका म्हणाले.

दुसऱ्या परीक्षेला साहेबांनी अटी आधीच सांगितल्या. काकूंनी फाटकाबाहेर, पाठ करून उभं राहायचं. पेयवाल्यानेही परीक्षा संपेपर्यंत बाटली फोडायची नाही. चढावर काकांनी गाडी थांबवली. पट्टा पुन्हा एकदा चाचपला. साहेब म्हणाले, “घ्या.” काकांनी क्लच उचलला, गाडी थरथरली, आणि आरशात त्यांना स्वतःचे गाल दिसले: टम्म फुगलेले. अच्छा, हे असं होय! काकांनी श्वास सोडला, गॅस दिला, आणि गाडी वर निघून गेली.

“पास,” साहेब म्हणाले. “तसं पाहिलं तर तुम्ही काहीच केलं नाही. सगळं या गाडीने केलं.”

“मग पास कसा केलात?”

“गाडीला लायसन्स देता येत नाही.”

लग्नाच्या वाढदिवसाच्या सकाळी लाल गाडी घाटाला लागली. मागून मेव्हणे त्यांच्या गाडीतून येत होते. “भावोजी, काही लागलं तर मी आहे,” असं त्यांनी निघताना सांगितलं होतं, आणि काकांनी ते ऐकलं नव्हतं. काका रुबाबात होते. पंखे, काचा, दिवे, सगळं एका बोटावर चालत होतं. काकू पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खाली दरीत धुकं होतं, आणि एरवी त्या पहिल्या वळणापासून ‘ते बघा, ते बघा’ सुरू करत. आज त्या बोलत नव्हत्या. काकांना वाटलं, गाडी लागली असेल.

नेमक्या त्याच खड्या वळणावर पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. गाड्यांची रांग थांबली. काका थांबले, बटण वर ओढलं. आणि तेवढ्यात त्यांना दिसलं: काकूंनी पर्स उचलून पायाशी ठेवली, रुमाल काढला, आणि त्यांचा हात आपणहून दोन सीटांच्या मध्ये आला. तिथे बाटलीच्या खळग्याशिवाय काही नव्हतं. हात क्षणभर तिथे घुटमळला. मग काकूंनी तो हळूच मागे घेतला, रुमालाची घडी केली आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

जावयांचं ते ‘तुम्ही नुसतं बसा’ काकांना तेव्हा ऐकू आलं. मेव्हण्यांनी त्यांना ‘मागे बसा’ म्हटलं तेव्हा महिनाभर त्यांच्या जिवाला चैन पडली नव्हती. इथे ही बाई त्या सरावाच्या दिवसापासून त्यांच्या शेजारी नुसती बसलेली होती, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

पुढची गाडी हलली. मागून मेव्हण्यांनी हॉर्न दिला. काकांनी हात लांब करून काकूंचा हात घेतला, जिथे दांडा असायला हवा होता तिथे आणून ठेवला, आणि वरून आपला हात ठेवला. मग त्यांनी क्लच उचलला. गाडी थरथरू लागली. काकांचे गाल फुगले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, पण वेळ बरोबर साधली. “सोडू?”

चाळीस वर्षं या प्रश्नाला काकांचं एकच उत्तर होतं.

“सोडू नकोस,” ते म्हणाले.

गाडीने कोणालाही न विचारता आपला ब्रेक आपणच सोडला आणि ती वर निघाली. पण दुसरा गिअर टाकायला काकांचा हात मोकळा नव्हता. त्यामुळे वाऱ्याशी शर्यत लावायला बनवलेली ती लाल गाडी उरलेला सगळा घाट पहिल्याच गिअरमध्ये, गुरगुरत, चालणाऱ्या माणसाच्या बेताने चढली. मागे मोठी रांग लागली. हॉर्न वाजत राहिले. मेव्हण्यांनी तर तीनदा फोन केला. काकूंचा दुसरा हात रिकामा होता, पण त्यांनी फोन उचलला नाही. त्या काकांना दरीतलं धुकं दाखवत होत्या.